शेतकऱ्याच्या दारी विद्यार्थी

शेतकी शिकणारा मुलगा खेड्यात जाऊन राहतो, हे कित्येक पालकांस कमीपणाचे वाटते. आमच्या मते त्याचे खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

धुळे येथील कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभवा’साठी खेडेगावी जातात. ही योजना स्तुत्य होय. परंतु पहिल्याच दिवशी उपदेशास आरंभ करणे इष्ट नव्हे. आपल्या खानदेशातील कपाशीचेच उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. बाहेरून ती सहसा दिसत नाही. हंगामानंतर फरदड राखली, तर अळीस अन्न मिळत राहते व पुढील पिकास उपद्रव होतो. म्हणून ‘फरदड घेऊ नका’ हा सल्ला योग्यच आहे. पण शेतकरी ती का राखतो? त्या अखेरच्या वेचणीच्या चार पैशांवर त्यास एखादे देणे भागवावयाचे असते. हे ज्याने विचारले नाही, त्याचा सल्ला बांधावरच राहतो.

शिकविण्यापूर्वी शिकावे, हा धडा जुना आहे. अलाहाबादेस १९१० साली शेतकी संस्था स्थापन करणारे मिशनरी सॅम हिगिनबॉटम हे मूळचे धर्मप्रचारक. ह्या कार्यासाठी त्यांनी स्वतः शेतकीचे शिक्षण घेतले.

विद्यार्थीमित्रहो, उद्या तुमच्यापैकीही कोणी ह्या कामी जातील. सल्ला चुकल्यास तुमचे फार तर गुण जातील. शेतकऱ्याचा मात्र सारा हंगाम जाईल. यास्तव आधी ऐका, त्याच्याबरोबर शेतात राबा, आणि मगच बोला. पालकांनीही मुलांच्या पायांस लागलेल्या मातीची लाज बाळगू नये.