गाडी नसली तरी या!

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गाडी असेल बघा. अगदी कोपऱ्यात, विटलेल्या कव्हरखाली. टायर बसलेले, वर कबुतरांची नक्षी, आणि बाजूला सगळ्या बिल्डिंगच्या सायकली टेकवलेल्या. कव्हर उचललंत तर खाली प्रीमिअर पद्मिनी निघेल. नाहीतर जुनी मारुती ८००, क्वचित एखादी अ‍ॅम्बेसेडर.

मालक म्हणजे सत्तरीतले कुणीतरी काका. 'काका, विकून का टाकत नाही?' असं विचारलं की ते नुसतं हसतात. पण 'चालू का करत नाही?' असं विचारून पाहा. मग खरं उत्तर मिळतं. 'अरे, आमचा मिस्त्री गेला. आता हात कोण लावणार?'

दोस्तांनो, आजचा विषय तोच आहे. हात कोण लावणार?

आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या मालकांचे क्लब आहेत. रविवारी पहाटे एखाद्या मैदानात किंवा मिसळीच्या हॉटेलासमोर पाच-पंचवीस गाड्या रांगेत उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात आणि तासभर गप्पांचा फड जमतो. तुम्ही त्यांचे फोटो पाहिले असतील. लाइकही केले असतील. आणि मनात म्हणाला असाल, 'भारी आहे, पण हे आपल्यासाठी नाही. आपल्याकडे साधी ॲक्टिव्हा, तीही बाबांची.'

इथंच गल्लत होते. क्लब म्हटलं की आपल्याला महाराजांच्या रोल्स रॉइस आठवतात. तसेही क्लब आहेत, पण पद्मिनीवाल्यांच्या घोळक्यात जाऊन बघा. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणाचं किराणा दुकान, कुणी शाळेत शिक्षक. वडिलांची गाडी मोडीत घालवली नाही, एवढीच यांची श्रीमंती.

आता जरा इतिहास, कंटाळू नका. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. फियाटच्या परवान्यावर तिथं 'अकराशे' बनायची, तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि बहुतेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगला लागूनच गिअरचा दांडा. मुंबईची काळीपिवळी म्हणजे हीच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली.

त्या दिवशी सगळ्यांनी हळवे स्टेटस ठेवले. पण टॅक्सीबरोबर आणखी एक गोष्ट उतरली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. रस्त्यावर हजारो टॅक्सी होत्या तोवर गल्लोगल्ली पद्मिनीचा मिस्त्री होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग खपत होते. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार तो माल ठेवत नाही. मिस्त्रीही आपल्या पोराला ते काम शिकवत नाही. म्हणजे घरातली गाडी सुस्थितीत असली तरी ती चालती ठेवणारी माणसं आणि वस्तू भोवतीनं विरत जातात. गाडी एकट्याची असते. ती चालती ठेवणं हे एकट्याचं काम नाही. क्लबची गरज आहे ती इथं.

एक उदाहरण घ्या. मे महिन्याची दुपार, खंबाटकीचा चढ. जुनी गाडी धापा टाकत बंद पडते. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, तरी चालू होत नाही. नवखा माणूस टोचन करून न्यायला गाडी मागवतो. क्लबमधला मुरलेला माणूस बॉनेट उघडतो, इंजिन थोडं निवू देतो आणि पेट्रोल पंपावर (म्हणजे इंजिनला लागून असतो त्या छोट्या पंपावर) ओलं फडकं ठेवतो. दहा-पंधरा मिनिटांत गाडी सुरू! कारण साधं आहे. उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती आणि तो पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला असतो, वाफ नाही. तुमच्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलंच आहे हे. फक्त तिथं घाट नव्हता आणि मागे हॉर्न वाजवणारा ट्रकही नव्हता.

किंवा इग्निशनचे 'पॉइंट' घ्या. त्या दोन टोकांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती चुकली की गाडी आचके देते. जुना मिस्त्री गेज नसेल तर पुठ्ठ्याच्या तुकड्यानं अंदाज घेतो, कानानं इंजिन ऐकतो आणि पाना फिरवतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नीट उतरलेलं नाही. ते त्या माणसाच्या बोटांत आहे. आणि त्या बोटांचं वय आता पासष्ट-सत्तर आहे.

शिवाय नवे प्रश्न रोज येतातच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल धरतं, आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांना ते मानवत नाही. कुठली नळी बदलायची, किती दिवसांनी तपासायची? एकटा मालक हे एकेक गाडी बिघडवून शिकेल. वीस मालकांनी आपापल्या नोंदी एकत्र ठेवल्या तर एकाच्या चुकीतून एकोणीस जण वाचतील.

कागदपत्रांचंही तेच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे, किंवा आरटीओच्या खेपांना कंटाळून, कितीतरी काका शेवटी भंगारवाल्याला फोन करतात.

आता तुमच्यातला कुणीतरी हात वर करणार. 'पण जुनी गाडी धूर करते त्याचं काय?' रास्त प्रश्न आहे, आणि त्यावर डोळे मिटून घेण्यात अर्थ नाही. कार्बोरेटरची गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते. तिच्यात एअरबॅग नाहीत, ब्रेकही आजच्यासारखे नाहीत. म्हणूनच ती रोज कॉलेजला न्यायची गाडी नव्हे. महिन्यातून दोनदा, नीट ट्यून केलेली, पीयूसी असलेली गाडी बाहेर काढणं वेगळं आणि धूर ओकत शहरभर हिंडणं वेगळं. हा फरक सदस्यांना सांगणारा, न ऐकणाऱ्याला रांगेतून बाजूला काढणारा क्लब असेल, तरच त्याला आपला पाठिंबा.

दुसरीही एक तक्रार खरी आहे. काही घोळके क्लबच्या नावाखाली घाट अडवतात, रील्ससाठी रस्त्याच्या मधोमध गाड्या उभ्या करतात, सायलेन्सर काढून गावं उठवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, हे त्यांच्या गावीही नसतं. असल्यांच्या नादी लागू नका. चांगला क्लब ओळखायची सोपी खूण सांगतो: निघण्याआधी तिथं कुणीतरी सूचना देतं. दोन गाड्यांत अंतर ठेवा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. हे ऐकू आलं की समजा, योग्य जागी आलात.

मग तिथं तुम्ही जाऊन करायचं काय? फोटो काढायला कुणी ना म्हणणार नाही. पण फोटोच्या पुढं जा.

आयटीआयला आहात, इंजिनीअरिंग करताय? बाजारात न मिळणारा एखादा बुश किंवा पिन मोजून, ड्रॉइंग काढून कॉलेजच्या लेथवर बनवता येतो का, ते सरांना विचारा. प्रोजेक्टसाठी दुसऱ्याचा रिपोर्ट कॉपी करण्यापेक्षा हे बरं. कॉमर्सवाले, क्लबचा हिशेब आणि सुट्या भागांची यादी कुणालाच नीट ठेवता येत नाही, ती तुम्ही ठेवा. कोणाकडे कुठला जास्तीचा भाग पडून आहे एवढं एका वहीत आलं तरी चार गाड्या वाचतील. आर्ट्स, मास मीडियावाले, जुन्या मिस्त्रींसमोर मोबाइल ठेवा आणि त्यांना बोलू द्या. कुठला आवाज आला की काय बिघडलंय, हे त्यांच्या शब्दांत, मराठीत टिपून घ्या. दहा वर्षांनी त्याची किंमत कळेल.

आणि मुलींनो, 'गाडीचं काम म्हणजे पोरांचं' असं कुणी म्हणालं तर हातात पाना घ्या, बोलत बसू नका. पॉइंटची ती अर्ध्या मिलिमीटरची फट तुम्ही मुलगी आहात की मुलगा, हे बघत नाही.

बदल्यात काय मिळेल? सर्टिफिकेट नाही, सीव्हीत लिहायला भारदस्त पदही नाही. सुरुवातीला तर तुमच्या वाट्याला टायर पुसणं आणि चहा आणणंच येईल. पण हळूहळू एखादी बंद पडलेली वस्तू बघून घाबरायचं नाही, ती उघडून बघायची, ही सवय लागेल. पन्नास वर्षांनी मोठ्या माणसाबरोबर, 'सर' किंवा 'अंकल' न म्हणता, बरोबरीनं ग्रीस माखायची संधी मिळेल. एरवी तुमच्या आणि त्यांच्या वयाची माणसं एकत्र येतात कुठे? लग्नात. आणि तिथं ते 'पुढं काय करणार?' एवढंच विचारतात.

तेव्हा या रविवारी लवकर उठा. शहरातला क्लब नंतर शोधा, सुरुवात पार्किंगमधूनच करा. त्या काकांच्या घरची बेल वाजवा आणि म्हणा, 'काका, एकदा कव्हर काढू या का?'

ते आधी 'कशाला उगाच' म्हणतील. मग किल्ली शोधायला आत जातील. त्यांना किल्ली कुठं ठेवली आहे ते शोधावं लागणार नाही, बघा तुम्ही.