आपल्या संघातले किती हजर?



७ नोव्हेंबर ही तारीख आता आपल्या घराघरांत माहीत झाली आहे. १९०० साली याच दिवशी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. याच तारखेची दुसरी एक नोंद मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नसते. १९५० साली ७ नोव्हेंबरलाच देशातल्या निरनिराळ्या स्काऊट संस्था एकत्र आल्या आणि 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था उभी राहिली. मुलींची गाईड संस्था पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला तिच्यात सामील झाली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कसला अर्थ काढण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी अजून एखादा खाकी शर्ट आणि विटका स्कार्फ घडी करून ठेवलेला आहे, त्यांना या दिवशी दोन गोष्टी आठवतात. आज त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो.

स्काऊट ही चळवळ काही आपल्यासाठी निघालेली नव्हती, हे आधी सांगून टाकू. बेडन-पॉवेल हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याने १९०७ साली ब्राऊनसी बेटावर वीसएक मुलांचे पहिले शिबिर घेतले. त्यात बड्या शाळांतली मुले होती आणि कामकरी घरांतलीही होती, एवढे त्याचे चांगले. हिंदुस्थानात १९०९ मध्ये पथके सुरू झाली तेव्हा मात्र ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. आपल्या देशातल्या मुलांना त्यांत मज्जाव. मग अॅनी बेझंटबाईंनी १९१६ साली मद्रासकडे, आणि मालवीय, कुंझरू वगैरे मंडळींनी उत्तरेकडे वेगळ्या संस्था काढल्या. एका दारात अडवले की माणूस दुसरे दार बांधतो, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको!

आमच्या पिढीची मुले नाशिकरोडच्या शाळेत स्काऊटला गेली ती १९७० च्या आगेमागे. वडील कुणाचे प्रेसमध्ये, कुणाचे रेल्वेत गँगमन, कुणाचे बिगारी. आम्हाला ना बेडन-पॉवेल ठाऊक होता ना इंग्लंड. शिबिराला गेले की तीन दिवस पोटभर जेवण मिळते, एवढे ठाऊक होते. गणवेश घ्यायला पैसे नसत, थोरल्या भावाची खाकी चड्डी आईने आखूड करून द्यायची. वडीलधाऱ्यांना कवायत नवी नव्हती. समता सैनिक दलाच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या, काही जण स्वतः त्यांत चालले होते. पोरगा शिट्टीवर उजवे-डावे करतो हे पाहून त्यांना बरे वाटायचे.

स्काऊटच्या पथकात सहा-आठ मुलांचा एक संघ असतो. प्रत्येक संघाला प्राण्याचे नाहीतर पक्ष्याचे नाव, आणि एक संघनायक. शिबिरात सगळी कामे पाळीने. आज तू पाणी आण, मी चूल पेटवतो, तो चर खणील, उद्या उलट. आता विचार करा. गावाकडे ज्याच्या हाताला विहिरीचा दोर शिवू देत नव्हते, त्याच पोराने आणलेल्या पाण्यात भात शिजला आणि सगळ्या जातींच्या पोरांनी तो बोटे चाटून खाल्ला. भात करपला म्हणून शिव्या दिल्या, पण त्या करपल्याबद्दल दिल्या, दुसऱ्या कशाबद्दल नाही. सगळ्याच शाळांत असेच घडले असा दावा मी करणार नाही. शिबिरात एका पातेल्यात जेवलेली पोरे शाळेत परत आल्यावर वेगळ्या बाकांवर बसली, हेही याच डोळ्यांनी पाहिले आहे. तरी त्या तीन दिवसांची चव जीभ विसरली नाही.

संघनायकाचे एक काम होते. रात्री शेकोटी विझल्यावर तंबूत शिरण्याआधी तो आपल्या संघाची डोकी मोजायचा आणि स्काऊट मास्तरांना सांगायचा, "आठपैकी आठ हजर." एक जरी कमी पडला तरी कुणाला झोपायची परवानगी नसे. कंदील घेऊन सगळे शोधायला निघायचे. बहुतेक वेळा तो पठ्ठ्या नळावर पाय धूत बसलेला असायचा!

शाळा सुटली आणि ही मोजणी थांबली. कुणी प्रेसमध्ये चिकटला, कुणी ओझरला विमानांच्या कारखान्यात, कुणी रेल्वेत, दोघे मास्तर झाले. कुणी मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. तीस-पस्तीस वर्षे कुणी कुणाला विचारले नाही. मग मोबाईल आले, व्हॉट्सअॅप आले, कुणीतरी गट तयार केला आणि एकाएकी सगळे सापडले. निदान तसे वाटले. रोज सकाळी फुलांची चित्रे येऊ लागली. नातवाचा पहिला नंबर, मुलीचे लग्न, नव्या फ्लॅटची वास्तू. आनंदच आहे. मग मेळावा ठरला. त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशी, जिला लोक पांडवलेणी म्हणतात, तिथे लहानपणी आम्ही भ्रमंतीला जायचो. माणशी वर्गणी पाचशे रुपये, त्यात जेवण आणि छापील टी-शर्ट.

मेळाव्यात डाव्या हाताने हस्तांदोलन झाले. स्काऊटची ही पद्धत. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांवरून ती घेतली असे सांगतात. ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून जो डावा हात पुढे करतो तो तुमच्यावर विश्वास टाकतो, असा तिचा अर्थ. आजूबाजूचे लोक बघत होते, ही म्हातारी माणसे डावा हात का देतात म्हणून. भाषणे झाली, फोटो निघाले. आणि एकाने सहज विचारले, "आपल्या संघातले किती हजर?" आठपैकी चार. एक वारलेला. उरलेले तिघे कुठे?

त्या तिघांपैकी एकाचे सांगतो. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. तो गटात होता, रोज संदेश वाचायचा, पण लिहायचा काही नाही. औद्योगिक वसाहतीतला त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो पंचेचाळिशीत होता. हिशेबाचे पैसे मुलीच्या लग्नात आणि बायकोच्या आजारपणात गेले. आता तो हातगाडीवर भाजी विकतो. आमचा संघनायक त्याला शोधत त्या चौकात गेला, तर गड्याने ओळख दाखवली नाही. गिऱ्हाईक समजून, "काय देऊ साहेब?" म्हणाला. संघनायकाने पिशवी खाली ठेवली आणि डावा हात पुढे केला. बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत. मग हा म्हणाला, "अरे, पाचशे रुपये म्हणजे माझा दोन दिवसांचा माल. आणि तुम्ही सगळे साहेब झालात. तिथे येऊन मी काय सांगू?"

मला यातले एक फार लागले. स्काऊटमध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम असायचा, आजही असतो. घरोघरी जाऊन काम मागायचे, बूट पॉलिश करायचे, सायकली पुसायच्या, अंगण झाडायचे, आणि मिळालेले चार-आठ आणे कार्डावर लिहून पथकात जमा करायचे. दान घ्यायचे नाही, कामाचेच पैसे घ्यायचे. आमच्या पथकात सगळ्यांत जास्त खरी कमाई याच पोराची असायची. नाशिकरोडच्या बाजारात भाजीच्या पाट्या उचलून त्याने ती केली होती आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. तेच काम, तोच बाजार. बारा वर्षांच्या पोराला ज्याचा अभिमान होता त्याची साठीच्या माणसाला लाज वाटावी, हे कुणी केले? टी-शर्ट छापणाऱ्यांनी जरा विचार करावा. मेळाव्याला वर्गणी ठेवायचीच तर ती ऐच्छिक ठेवा, आणि कुणी किती दिली याची यादी गटावर टाकू नका. आनंदाच्या बातम्या जरूर द्या, पण ज्याची बातमी येत नाही त्याला आधी फोन करा. आमच्या गटाने यंदा तसे केले. जेवण घरोघरच्या डब्यांचे. भाजी अर्थातच त्याच्या गाडीवरून घेतली, भाव न करता, आणि त्यानेही वजनात घट धरली नाही!

आता आपल्या लेकीबाळींकडे वळतो, कारण तिथे मोजणी आणखी अवघड आहे. ज्या मुली गाईडमध्ये होत्या त्या लग्नानंतर कुठे गेल्या? शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव, मतदार यादीत सासरचे. गाव बदलले, कित्येकींचे तर पाळण्यातले नावही बदलले. मैत्रिणींनी शोधावे कसे? माझी बहीण गाईड होती. तिच्या मैत्रिणींनी एक युक्ती केली. आधी भावांना गाठले, कारण भाऊ मूळ वस्तीतच राहतात. लग्नपत्रिका आणि वास्तूच्या पत्रिका जपून ठेवणाऱ्या एका आजीबाईंकडून निम्मे पत्ते मिळाले. एक जण मनमाडला सापडली. "मला कोण विचारतंय?" असे तिला वाटत होते. तिने सांगितले, शेजारच्या पोराचा हात मोडला तेव्हा ओढणीची तिकोनी घडी करून, रीफ नॉट मारून झोळी बांधली आणि मग दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, नर्स आहात का? घरच्यांना तोवर ठाऊकही नव्हते की आई कधी गाईडमध्ये होती.

गाईडच्या मुलींचा एक दिवस यासाठी फार चांगला आहे. २२ फेब्रुवारी, चिंतन दिन. १९२६ पासून जगभरच्या गाईड त्या दिवशी एकमेकींची आठवण काढतात. त्यांची जी पाच जागतिक केंद्रे आहेत त्यांतले एक, 'संगम', आपल्या पुण्यातच १९६६ पासून आहे. मोठेपणी स्काऊट-गाईड राहिलेल्यांचीही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. ती १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्न येथे २५ ऑक्टोबरला स्थापन झाली. म्हणजे म्हातारपणी एकमेकांना धरून राहण्याची गरज साऱ्या जगाला वाटली, आपण काही हळवे झालेलो नाही.

पण नुसते आठवणी काढून भागत नाही. आमच्या गटातला एक जण गेल्यानंतर चार महिन्यांनी कळले की वहिनींनी पेन्शनचा अर्जच केलेला नाही. कारखान्यातल्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर १९९५ च्या पेन्शन योजनेत त्याच्या पश्चात पत्नीलाही पेन्शन मिळू शकते. त्यासाठी १०-डी क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. रक्कम थोडी असते, २०१४ पासून किमान हजार रुपये ठरले आहेत, पण ती हक्काची असते. प्रेसमधून निवृत्त झालेल्या एकाने कागद गोळा केले, दुसरा वहिनींबरोबर कार्यालयात चार खेपा घालून आला. 'रोज एक सत्कृत्य' म्हणून लहानपणी म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायचो, तसेच हे.

आणि नातवंडांसाठी एक. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी राखीव भरती निघते. तीत राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्यांना आणि बरीच वर्षे सलग काम केलेल्यांना संधी असते. आपली मुले दहावीला अभ्यासाच्या नावाखाली स्काऊट सोडतात आणि सोपानांची प्रमाणपत्रे रद्दीत जातात. तसे करू नका. अटी जाहिरातीत नीट वाचून घ्या.

आमच्या संघनायकाने आता एक साधी दोनशे पानी वही केली आहे. मोबाईल हरवतो, वही हरवत नाही, असे त्याचे म्हणणे. प्रत्येकाला एक पान. नाव, माहेरचे-सासरचे आडनाव, पत्ता, रक्तगट, घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन. लहानपणी आम्ही वाटेवर शोधचिन्हे काढायला शिकलो होतो. बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे ही वाट नाही. शेवटचे चिन्ह म्हणजे वर्तुळ आणि मधे टिंब, 'मी घरी गेलो.' केनियात न्येरी येथे बेडन-पॉवेलच्या थडग्यावरही तेच कोरले आहे. वहीत, जे गेले त्यांच्या पानावर हे चिन्ह आहे.

पथकात आम्ही बत्तीस होतो. सात पानांवर वर्तुळ आहे. तेवीस पाने पत्त्यासह भरली आहेत. दोन पाने कोरी आहेत. त्यांतला एक जण १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळी वडिलांबरोबर भुसावळकडे गेला. तो बासरी फार गोड वाजवायचा आणि त्याच्या डाव्या भुवईवर खोक होती. दुसरा दहावीनंतर मुंबईला गोदीत लागल्याचे ऐकले होते, पुढे काही कळले नाही. दोघेही आज पासष्टीच्या पुढे असतील. वाचकांपैकी कुणाला अशा माणसाची माहिती असेल, किंवा वाचणारा स्वतःच तो असेल, तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात.