नव्यासारखी झाली म्हणजे काय झाले?

‘इमारत अगदी नव्यासारखी झाली!’ जीर्णोद्धाराच्या समारंभात हे वाक्य हमखास ऐकू येते आणि त्यावर टाळ्याही पडतात. वास्तविक ते ऐकून मान खाली जावयास हवी. शतकांची वास्तू नव्यासारखी झाली, याचा अर्थ एवढाच की, तिच्या अंगावरचे वय कोणी तरी खरवडून काढले.

‘आम्ही मूळ रूप परत आणतो,’ असे यावर उत्तर मिळते. मूळ म्हणजे कोणते? तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० साली पुरे केले. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात चोळांनी चित्रे काढविली. पुढे नायकांनी त्यांवर गिलावा देऊन आपली चित्रे रंगविली. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना या थराखाली चोळचित्रे आढळली. ‘मूळ तेच खरे’ म्हणणाऱ्याने वरचा थर ठोकून पाडला असता. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी वरची चित्रे अलगद सोडवून फायबरग्लासच्या फलकांवर बसविली. दोन्ही काळ वाचले. याच मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. शुद्ध चोळरूपाचा हट्ट धरला, तर आपल्या भाषेचा हा प्रचंड शिलालेखही ‘नंतरची भर’च ठरेल!

मूळ रूपाचा हट्ट जितका घातक, तितकाच सजावटीचा उत्साह. १९१९ साली ज्या अरुंद बोळातून सैनिक जालियनवाला बागेत शिरले, त्याच्या भिंती २०२१ च्या नूतनीकरणात शिल्पाकृतींनी सजल्या. तो बोळ उघडावाघडा होता, म्हणूनच अंगावर येत होता.

हे सारे आपणांसच सांगण्याचे कारण आहे. परप्रांतातील जुन्या कचेऱ्या, विश्रामगृहे, वाडे यांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके आपल्याच टेबलावरून जातात. गळते छप्पर अवश्य दुरुस्त करावे. पडकी भिंत धोक्याची, तिला आधार द्यावाच. परंतु ‘जुना गिलावा संपूर्ण काढणे’ ही ओळ दिसताच लेखणी क्षणभर थांबवावी. आधी छायाचित्रे आणि मोजमापांचे नकाशे मागावे. थर दाखविणारा भिंतीचा एक तुकडा तसाच राखावयास सांगावे. बुजविलेल्या कमानीची रेघ लिंपू देऊ नये. नवे काम जुन्याशी जुळावे, पण जुने म्हणून खपू नये. १९६४ ची व्हेनिसची सनद हेच सांगते.

यास खर्च थोडा, विवेक मात्र पुष्कळ लागतो. आपली तर तीन वर्षांत बदली होईल. खरवडलेली भिंत तेथेच राहील, मुकी होऊन.