लेखणी अडखळली तेव्हा : जॉन वूलमन आणि रोजच्या कामातील ख्रिस्ती श्रद्धा

१/ धागा : गुलामगिरीच्या अंताची कथा बहुधा ब्रिटिश संसदेतील भाषणांपासून सांगितली जाते, किंवा अमेरिकेतील यादवी युद्धाच्या तोफांपासून. या कथेचा एक उगम मात्र फार साध्या जागी आहे : न्यू जर्सीतील माउंट हॉली हे गाव, तेथील एक दुकान, हिशेबाच्या वह्या आणि एका तरुण कारकुनाची अडखळलेली लेखणी. त्या कारकुनाचे नाव जॉन वूलमन.

२/ वूलमनचा जन्म १७२० चा. घर शेतकऱ्याचे, पंथ क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून उभ्या राहिलेल्या या ख्रिस्ती पंथाने पुरोहित नाकारला, शपथ नाकारली, युद्ध नाकारले. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश वसतो, ही त्यांची मूळ धारणा. त्यांच्या उपासनेत सारे मौन धरून बसत. ज्याला आतून प्रेरणा होई तो उठून बोले.

३/ या धारणेचा परिणाम प्रथम बाजारात दिसला. त्या काळी घासाघीस हा व्यापाराचा स्थायीभाव होता. क्वेकर दुकानदार मात्र एकच भाव सांगत. जास्त सांगून कमी घेणे त्यांच्या लेखी असत्यच होते. या दुकानांत लहान मुलाला पाठवले तरी मोठ्यांइतक्याच भावात माल मिळतो, असा लौकिक पसरला. लौकिकामागून गिऱ्हाईक आले आणि गिऱ्हाइकामागून संपत्ती.

४/ विसंगतीही याच संपत्तीत दडलेली होती. वजनमापात चोख असणाऱ्या त्याच हातांनी माणसेही विकत घेतली. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन स्वतः क्वेकर, आणि त्याच्याकडेही गुलाम होते. १६८८ साली जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध सादर केला. वरिष्ठ सभांनी तो एकमेकींकडे धाडला आणि अखेर बाजूला ठेवून दिला.

५/ वूलमन एकविसाव्या वर्षी माउंट हॉलीतील एका दुकानात कामाला लागला. माल विकणे आणि वह्या लिहिणे हे त्याचे काम. एके दिवशी मालकाने आपल्याकडील एक कृष्णवर्णीय स्त्री विकली आणि वूलमनला विक्रीखत लिहायला सांगितले. घेणारा तेथेच थांबून होता. सांगणारा वर्षाच्या कराराने ठेवलेला मालक. घेणारा वयोवृद्ध आणि पंथातलाच.

६/ वूलमनने विक्रीखत लिहिले. मात्र लिहिता लिहिता त्याच्या मनाची तगमग एवढी झाली, की गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे आपले मत असल्याचे त्याने दोघांसमोर सांगितले. त्याने मन थोडे हलके झाले. पण केवळ थोडेच. या कामातून सरळ सूट मागितली असती तर अधिक बरे झाले असते, अशी कबुली त्याने पुढे रोजनिशीत दिली.

७/ काही काळाने एका तरुण क्वेकराने असाच दस्तऐवज लिहून मागितला. या वेळी वूलमनने नकार दिला. तो तरुण रागावला नाही. गुलाम ठेवणे आपल्याही मनाला पटत नाही, पण ही गुलाम पत्नीला भेट म्हणून मिळाली, म्हणून स्वीकारली, असे तो म्हणाला. गुलामगिरी टिकून होती ती अशा माणसांच्या बळावर : मनाला पटत नाही आणि हात थांबत नाही.

८/ येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने प्रतिपादन केले, की चांभाराचे, शेतकऱ्याचे, मोलकरणीचे काम हीदेखील पुरोहिताच्या तोडीची ईश्वरसेवा आहे. मठाच्या भिंतीआड असलेले पावित्र्य त्यामुळे कारखान्यात आणि गोठ्यात आले. ख्रिस्ती युरोपच्या श्रमसंस्कृतीवर या विचाराचा खोल ठसा उमटला.

९/ या विचाराला एक धोकादायक उतार आहे. काम पवित्र मानले, की ते निष्ठेने करणे एवढाच धर्म उरतो. त्या कामाचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जॉन न्यूटन, 'अमेझिंग ग्रेस' या जगप्रसिद्ध स्तोत्राचा कर्ता.

१०/ १७४८ साली समुद्रावरील वादळात न्यूटनचे मन ख्रिस्ताकडे वळले. त्यानंतर तो गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला. रविवारी खलाशांना जमवून तो उपासना चालवी. फळ्यांखाली साखळदंडांत बांधलेली माणसे असत. १७५४ साली प्रकृतीच्या कारणास्तव त्याने समुद्र सोडला. या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका प्रसिद्ध झाली १७८८ साली.

११/ त्याच १७५४ साली वूलमनचा गुलामगिरीविरोधी निबंध फिलाडेल्फियात छापला गेला. न्यूटन दांभिक नव्हता. त्याची भक्ती खरी होती आणि पुढचा पश्चात्तापही खरा होता; विल्बरफोर्सच्या चळवळीला त्याच्या साक्षीचा मोठा उपयोग झाला. तरीही चौतीस वर्षांचे हे अंतर बोलके आहे. न्यूटनने जहाजावर प्रार्थना नेली. वूलमनने प्रार्थनेसमोर आपले काम नेऊन ठेवले.

१२/ या धाग्याचे प्रतिपादन याच फरकावर उभे आहे. कामाच्या जागी धर्म जगणे म्हणजे गोड बोलणे, वेळ पाळणे, हिशेब चोख ठेवणे एवढेच असेल, तर गुलामांच्या व्यापाऱ्यालाही ते साधते. खरी कसोटी त्या कामाच्या फळाची असते, आणि ती देताना बहुधा पदरचे काहीतरी सोडावे लागते.

१३/ वूलमनने काय सोडले? पहिली गोष्ट मृत्युपत्रांची मिळकत. चांगले अक्षर आणि कायदेशीर मजकुराची जाण यांमुळे लोक त्याच्याकडे मृत्युपत्रे लिहायला येत. त्यात पैसा होता आणि प्रतिष्ठाही होती. गुलाम वारसांना देण्याचा मजकूर असेल तर तो लिहिण्याचे नाकारी. वडीलधाऱ्यांना दुखावणे आपल्याला मुळीच सुखाचे वाटत नव्हते, असे त्याने नमूद केले आहे.

१४/ एकदा एक शेजारी जबर मार लागून अंथरुणाला खिळला आणि त्याने वूलमनला मृत्युपत्र लिहायला सांगितले. त्याच्या घरी एक तरुण गुलाम मुलगी होती. ती कोणत्या अपत्याला द्यायची हेही त्याने सांगितले. वूलमनने सारे टिपून घेतले आणि तेवढा भाग वगळून मृत्युपत्र लिहून आणले. झालेल्या कामाचे पैसे नकोत, उरलेले मात्र माझ्याकडून होणार नाही, असे त्याने खाटेजवळ बसून मित्रभावाने सांगितले.

१५/ दोघे गंभीरपणे बोलत राहिले. अखेर त्या शेजाऱ्याने मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले आणि वूलमनने मृत्युपत्र पुरे केले. येथे ना सभा झाली, ना घोषणा. आजारी माणसाला एकटे टाकून निघून जाणे सोपे होते. मुकाट्याने लिहून देणे त्याहून सोपे. वूलमनने तिसरा मार्ग धरला आणि एका मुलीचे आयुष्य पालटले.

१६/ दुसरी गोष्ट भरभराटीची. वूलमनने स्वतःचे दुकान काढले होते. शिवणकामाच्या साहित्यापासून आरंभ करून तो कापडापर्यंत पोहोचला. व्यापार दरवर्षी वाढत होता आणि नेमकी तीच वाढ त्याला खटकू लागली. ऐपत नसलेले लोक महाग वस्तू घेऊन कर्जात रुततात, हेही तो पाहत होता. १७५६ च्या सुमारास त्याने गिऱ्हाइकांना हळूहळू दुसऱ्या दुकानांकडे वळवले. उरले शिंपीकाम आणि सफरचंदाच्या रोपांची बाग.

१७/ तिसरी गोष्ट पाहुणचाराची. १७५७ साली तो दक्षिणेतील वसाहतींत फिरला. उतरण्याची सोय गुलामधारकांच्या घरी होई. म्हणजे जेवण फुकट आणि रांधणारे हात पारतंत्र्यात. निघताना तो चांदीची नाणी काढी. काही यजमानाच्या हाती देऊन ती गुलामांना द्यावीत अशी विनंती करी, काही स्वतः त्यांच्या हाती देई. यजमानापुढे हे करणे आपल्याला जड जाई, असे रोजनिशी सांगते.

१८/ त्याचा हिशेब स्वतःलाही सुटला नाही. पूर्वी एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्याने, सहव्यवस्थापकासह, एका कृष्णवर्णीय मुलाची सेवा तिसाव्या वर्षापर्यंत विकली होती. गोऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मोकळीक मिळे. म्हणजे नऊ वर्षे जास्तीची. पुढे हे मनाला बोचू लागले, तेव्हा आपल्या वाट्याच्या साडेचार वर्षांची भरपाई करून ती वर्षे सोडवण्याचे लेखी बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले.

१९/ या साडेचार वर्षांच्या आकड्यात वूलमनचे सारे वेगळेपण आहे. पश्चात्ताप अश्रूंनी व्यक्त करता येतो. त्याने तो वर्षे मोजून आणि पैसे मोजून व्यक्त केला. एकेकाळी स्वतःच्या दुकानात विकलेली साखर, रम आणि काकवी गुलामांच्या श्रमातून आलेली होती, हेही त्याने लिहून ठेवले आणि पुढे साखर खाणे सोडले. मळ लपवणाऱ्या रंगवलेल्या कापडाऐवजी तो बिनरंगी कपडे वापरू लागला.

२०/ याच काळात बेंजामिन ले हा दुसरा क्वेकर अगदी निराळ्या वाटेने लढत होता. १७३८ साली बर्लिंग्टनच्या सभेत त्याने पोखरलेल्या पुस्तकात लाल रस भरलेली पिशवी लपवून नेली, तलवारीने ती फोडली आणि रक्तासारखे शिंतोडे गुलामधारकांवर उडवले. पंथाने त्याला बाहेर काढले. लेच्या संतापाशिवाय झोप मोडली नसती. वूलमनच्या संयमाशिवाय जागे झालेले लोक उठून बसले नसते. इतिहासाला दोघांचीही गरज पडली.

२१/ १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत वूलमन बोलायला उठला. गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्या सदस्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवावे आणि गुलामधारकांच्या घरोघरी जाऊन बोलावे, असे ठरले. या कामासाठी नेमलेल्यांत वूलमन होता. ज्याने स्वतःची मिळकत सोडली होती, तो दुसऱ्याला सोडायला सांगत होता. म्हणून त्याचे शब्द टाळता येईनात.

२२/ एक आक्षेप रास्त आहे. एका शिंप्याने साखर सोडली म्हणून वेस्ट इंडीजमधील एकही मळा बंद पडला नाही. वैयक्तिक शुचिता ही व्यवस्थेवरची मात्रा नव्हे, आणि स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याचे समाधान आत्मवंचनाही ठरू शकते. वूलमन एवढ्यावर थांबला असता तर हा आक्षेप अखेरचा ठरला असता. तो थांबला नाही. दुकानातला नकार त्याने सभेत नेला आणि सभेतून ठरावात.

२३/ १७७२ साली तो इंग्लंडला गेला. कोरीव नक्षीच्या केबिनऐवजी त्याने खलाशांजवळची जागा घेतली. जलद टपालगाड्यांपायी घोडे मरतात आणि पोरसवदा हाकणारे थंडीत गारठतात, हे कळल्यावर तो पायी फिरला. मजुराला दिवसाला दहा पेन्स मिळतात, धान्य काय भावाने पडते, हेही त्याने टिपले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला.

२४/ पुढचा क्रम असा : १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. १७८० साली पेनसिल्व्हेनियात क्रमाक्रमाने मुक्तीचा कायदा झाला. १७८७ साली लंडनमध्ये गुलामव्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली. तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. १८०७ साली ब्रिटिश संसदेने हा व्यापार बेकायदा ठरवला.

२५/ यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. १७८० च्या कायद्याने त्या वेळी गुलाम असलेल्यांना मुक्त केले नाही. त्यांच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांनाही अठ्ठावीस वर्षे सेवा करावी लागणार होती. गुलाम सोडणाऱ्या क्वेकरांनीही कृष्णवर्णीयांना सभागृहात अनेकदा वेगळ्या बाकांवर बसवले. आणि मुक्तीसाठी सर्वांत मोठी किंमत मोजली ती पळून जाणाऱ्या, बंड करणाऱ्या, न्यायालयात दाद मागणाऱ्या गुलामांनीच.

२६/ या लांब साखळीचा एक दुवा महाराष्ट्रात येतो. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. अर्पणपत्रिकेत वूलमनचे नाव नाही. परंतु ज्या परंपरेला फुल्यांनी वंदन केले, तिच्या आरंभीच्या माणसांत माउंट हॉलीचा हा शिंपी होता.

२७/ वूलमनला संत म्हणून मखरात बसवणे सोयीचे आहे. संतांचे अनुकरण करावे लागत नाही. तो कारकून होता, पहिल्या वेळी कच खाल्लेला कारकून, हे लक्षात ठेवणे अधिक गैरसोयीचे. कोणत्याही काळात अन्याय चालतो तो बहुतांशी कागदावर, आणि तो कागद कोणीतरी पोटासाठी लिहीत असतो. श्रद्धा खरी असेल तर तिचा पहिला शब्द त्या मेजावर उमटतो, आणि पुष्कळदा तो शब्द 'नाही' असा असतो.

(धागा समाप्त)