पंचाहत्तर हजार साखळ्या

माझे वडील मोजणी खात्यात होते. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा आणे, त्या साखळीच्या लांबीरुंदीची चौरस जमीन म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक मी पावकी-निमकीच्याही आधी शिकलो. एखाद्या नव्या रस्त्याची आखणी करून ते फिरतीवरून परत येत, तेव्हा जेवताना फारसे बोलत नसत. एकदा आईने फारच आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले की, नकाशावर रेघ ओढायला शाईचा एक थेंब पुरतो, परंतु ती रेघ ज्याच्या बांधावरून जाते त्याला तिचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, जगातील अत्यंत रमणीय मार्गांमध्ये ज्याची गणना होते अशा एका रस्त्याने चार दिवस प्रवास करण्याचा योग आला, आणि त्या चार दिवसांत वडिलांचे ते वाक्य मला जितक्या वेळा आठवले तितके त्यांच्या मृत्यूनंतर कधी आठवले नव्हते.

माझी भाची नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅली या शहरी राहते. तिच्या घरी मुक्कामाला असताना तिने एके सकाळी नकाशा पुढे पसरला आणि म्हणाली, "मामा, तुम्हांला घाट आवडतात ना? मग चला, मी गाडी चालवते." तिने बोट ठेवले होते ब्लू रिज पार्कवेवर. व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाशी, रॉकफिश गॅप नावाच्या खिंडीत, या मार्गाचा शून्याचा दगड आहे. तेथून अ‍ॅपलाचियन पर्वताच्या माथ्यामाथ्याने ४६९ मैल जाऊन तो चेरोकी गावापाशी, ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानाच्या वेशीवर संपतो. पार्कवे या शब्दातच त्याचे मर्म आहे. हे शेकडो मैल लांबीचे आणि कित्येक ठिकाणी अगदीच चिंचोळे असे एक उद्यान आहे, आणि रस्ता ही त्या उद्यानातील पायवाट आहे.

आपल्याकडचा घाटरस्ता डोंगर ओलांडण्यासाठी जन्मतो. देशावरचा माल कोकणात उतरावा, बंदराचा माल वर चढावा, फौजेला वाट मिळावी, यासाठी खंडाळ्याचा घाट १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्यांना खुला झाला, आणि सह्याद्रीतील जवळजवळ प्रत्येक घाटाची कुळकथा अशीच व्यापाराची वा स्वारीची आहे. ब्लू रिजचा हा रस्ता मात्र डोंगर ओलांडीतच नाही. एकदा माथ्यावर चढला की तो होता होईल तो माथा सोडीत नाही. मालवाहू वाहनांना त्यावर मनाई आहे. जाहिरातीचे फलक नाहीत. पेट्रोलचा पंप हवा असेल तर मार्ग सोडून खाली एखाद्या गावात उतरावे लागते. आणि वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, इतकीच आहे. ज्या देशाने वेगाला जवळजवळ पुरुषार्थाच्या पदवीस पोहोचविले, त्याच देशाने संथ गतीला कायद्याचे संरक्षण देऊन तिच्यासाठी आपल्या पर्वताचा माथा राखून ठेवावा, ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी मोठी आश्वासक वाटली.

आम्ही गेलो तो पानांचे रंग पालटण्याचा काळ होता. दिवस आखूड होऊ लागला की पानांतील हरितद्रव्य ओसरते, त्याखाली उन्हाळाभर झाकून राहिलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि काही वृक्ष तर या निरोपाच्या दिवसांत तांबडे रंगद्रव्य नव्याने निर्माण करतात. त्यामुळे डॉगवुड आणि सावरवुड आधी लाल होतात, हिकरी आणि ट्युलिप पॉप्लर सोन्यासारखे पिवळे होतात, आणि ओक वृक्ष मात्र घरातल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे सर्वांच्या मागून, गंभीर तपकिरी वस्त्रे परिधान करतात. या रंगांच्या पलीकडे, एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा क्रमाक्रमाने अधिक निळ्या आणि अधिक पुसट होत जातात. ज्या निळाईमुळे या पर्वताला नाव मिळाले ती झाडांचीच देणगी आहे: पाने आयसोप्रीन नावाचे वायुरूप द्रव्य हवेत सोडतात, आणि त्यापासून बनणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरला की दूरचे सारे निळसर धुक्यात बुडून जाते.

दुसऱ्या दिवशी १७६ व्या मैलावर मेब्रीची पाणचक्की लागली. एड मेब्री या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती उभारली. तो आणि त्याची पत्नी मिळून तेथे आसपासच्या खेड्यांचा मका दळीत, लाकूड कापून देत आणि लोहारकामही करीत. लहानशा तळ्यात त्या काळवंडलेल्या लाकडी इमारतीचे आणि तिच्या चाकाचे प्रतिबिंब पडलेले पाहून मन अगदी प्रसन्न झाले. शेजारी ओंडक्यांची एक जुनी झोपडी आहे, आणि मेब्री दांपत्य तेथेच राहत असावे असे कोणालाही वाटेल. परंतु त्यांचे स्वतःचे घर फळ्यांचे, चांगले दुमजली होते. उद्यान खात्याने ते पाडले आणि दुसऱ्या गावची झोपडी आणून तेथे बसविली, कारण डोंगरी माणसाचे घर असेच असावे अशी प्रवाशाची कल्पना होती. कष्टाने वर आलेल्या एका गिरणीवाल्याची सुस्थिती चित्रात बसेना, म्हणून तिला चित्राबाहेर जावे लागले. हे कळल्यावर ते प्रतिबिंब मी पुन्हा एकदा पाहिले. ते तितकेच सुंदर होते, परंतु आता त्यात एक घर कमी होते.

तेथून चौदा मैलांवर ओरलीना पकेट हिच्या स्मरणार्थ राखलेली एका खोलीची झोपडी आहे. या बाईला चोवीस अपत्ये झाली असे सांगतात, आणि त्यांतील एकही बालपण ओलांडून जगले नाही. पन्नाशीच्या सुमारास तिने सुईणीचे काम पत्करले, आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बर्फातून आणि वादळातून डोंगर तुडवीत, हजाराहून अधिक बालकांना तिने या जगात सुखरूप आणले. भोवतालचे कुंपण चेस्टनटच्या चिरफळ्यांचे आहे, एकही खिळा न मारता नागमोडी रचलेले. तो चेस्टनट वृक्षही बाहेरून आलेल्या बुरशीच्या रोगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साऱ्या पर्वतावरून जवळजवळ नाहीसा झाला. भाची बराच वेळ त्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि काही न बोलता गाडीत येऊन बसली.

पुढे दोन राज्यांची सरहद्द आहे, आणि तिच्यालगत कंबरलंड नॉब येथे ११ सप्टेंबर १९३५ रोजी या रस्त्याची पहिली कुदळ पडली. तो काळ महामंदीचा होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे सरकार बेकारांच्या हातांना काम शोधीत होते आणि दोन राष्ट्रीय उद्यानांना जोडणारा हा मार्ग त्या योजनांपैकी एक होता. तो नॉर्थ कॅरोलायनातून जावा की टेनेसीतून, यावरून मोठी रस्सीखेच झाली आणि अंतर्गत व्यवहारमंत्री हॅरल्ड इक्स यांनी १९३४ च्या नोव्हेंबरात निकाल नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने दिला. मार्गाची सौंदर्यदृष्टी स्टॅन्ली अ‍ॅबट या भूदृश्यरचनाकाराची. नेमणूक झाली तेव्हा तो अवघा पंचविशीतला होता. कोठे वळण घेतले की दरी एकदम उघडी पडेल, कोठे शेत जसेच्या तसे ठेवावे, कोठे झाडी विरळ करावी, याचा विचार त्याने चित्रकाराच्या निष्ठेने केला. ठेकेदारांच्या मजुरांनी सुरुंग लावले, सरकारी छावण्यांतील तरुणांनी उतारांवर झाडे लाविली, इटली-स्पेनकडून आलेल्या पाथरवटांनी कमानी आणि कठडे रचले. मार्गावर सव्वीस बोगदे आहेत, आणि त्यांपैकी पंचवीस एकट्या नॉर्थ कॅरोलायनात आहेत.

परंतु जमीन कोणाची होती? ती संपादन करून संघराज्याच्या स्वाधीन करण्याची जबाबदारी दोन्ही राज्यांवर होती, आणि येथे वडिलांच्या वाक्याचा अर्थ मला परक्या मुलखात नव्याने उलगडला. ज्या लहान शेतकऱ्यांच्या जमिनीतून रेघ गेली त्यांना मोबदला मिळाला खरा. परंतु मालवाहू गाड्यांना मनाई असल्यामुळे, आपल्याच पूर्वीच्या शेतातून गेलेल्या रस्त्यावरून आपलाच माल त्यांना बाजारास नेता येईना, आणि जेथे वहिवाटीचा हक्क होता तेथेही रस्त्यावर येण्याच्या वाटा मोजक्याच ठेवल्या गेल्या. उलट ३३४ व्या मैलाजवळच्या लिटल स्वित्झर्लंड या विश्रामग्रामाचे संस्थापक हेरियट क्लार्कसन हे स्वतः राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी दावा लढविला, उद्यानाची पट्टी आपल्या हद्दीत अरुंद करून घेतली आणि मोबदलाही भरघोस मिळविला. ज्याला कायद्याची भाषा येत होती त्याच्या दारी सरकार वाटाघाटीला बसले, आणि ज्याला ती येत नव्हती त्याच्या दारी हुकूम पोहोचला. मोजणी खात्यातील माणसाच्या मुलाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

याच मार्गावर, ३०४ व्या मैलाशी, ग्रँडफादर माउंटनची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या पर्वताच्या मालकाने, ह्यू मॉर्टन यांनी, उंचावरून रस्ता खोदण्यास दीर्घकाळ विरोध केला. त्या कातळांना आणि झाडीला सुरुंगांची इजा होऊ नये असा त्यांचा आग्रह होता. अखेर मधली उंची ठरली आणि पर्वताच्या अंगाला स्पर्श न करता त्याच्या कडेकडेने जाणारा लिन कोव्ह सेतू बांधण्यात आला. १,२४३ फूट लांबीचा हा सेतू १५३ खंडांचा असून प्रत्येक खंड सुमारे पन्नास टनांचा आहे, आणि त्यांतील केवळ एकच खंड सरळ आहे. बाकीचे सारे पर्वताच्या वळणाप्रमाणे वळलेले. खाली यंत्रे नेण्यासाठी वाट न पाडता, बांधून झालेल्या भागावर उभे राहून पुढचा खंड जोडावयाचा, अशा रीतीने तो पुढे पुढे सरकत गेला. जमिनीवर काम झाले ते केवळ सात खांबांच्या पायांचे. शेजारच्या कातळाशी रंग जुळावा म्हणून काँक्रीटमध्ये लोहभस्मही मिसळले आहे. ११ सप्टेंबर १९८७ रोजी, पहिल्या कुदळीनंतर बरोबर बावन्न वर्षांनी, हा सेतू खुला झाला आणि मार्ग अखंड झाला. खालच्या पायवाटेवर उभे राहून त्या वळणाकडे पाहताना माझे मन कृतज्ञतेने भरून आले, कारण माणसाने ठरविले तर त्याला किती हळुवार होता येते याचा तो पुरावा होता. आणि त्याच क्षणी हेही मनात आले की, ही हळुवारता व्हर्जिनियातल्या एखाद्या विधवेच्या मक्याच्या शेतालाही लाभली असती तर किती बरे झाले असते.

चौथ्या दिवशी आम्ही रिचलंड बालसम येथे मार्गाच्या सर्वोच्च बिंदूवर, ६,०५३ फुटांवर पोहोचलो, आणि तेथून चेरोकींच्या मुलखात उतरू लागलो. १८३८ मध्ये संघराज्याच्या सैन्याने चेरोकींना त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हुसकावून नेले आणि त्या यातनायात्रेत हजारो मृत्युमुखी पडले. जे थोडे या डोंगरांत टिकून राहिले त्यांच्या वंशजांची ही भूमी. पार्कवेची रुंद पट्टी सोको खोऱ्यातील त्यांच्या उत्तम सपाट जमिनीतून नेण्याचा बेत होता. डोंगरी प्रदेशात सपाट जमीन म्हणजे भाकरी, हे ओळखून त्यांनी संमती नाकारली. वाद वर्षानुवर्षे चालला, आणि १९४० मध्ये ठरले की पार्कवेने डोंगरमाथ्यावरून जावे आणि खोऱ्यात, दुकाने थाटता येतील आणि माल वाहता येईल असा, साधा रस्ता वेगळा बांधून द्यावा. ज्यांच्याकडून एकदा सर्वस्व नेले गेले होते, त्यांनी या वेळी सरकारला रेघ पुसून पुन्हा ओढावयास लाविली. शेवटचे कित्येक मैल आम्ही त्या दुसऱ्या रेघेवरून गेलो, आणि संपूर्ण प्रवासात मला सर्वांत निर्मळ आनंद कोठे झाला असेल तर तो तेथे.

त्यानंतर वर्षाच्या आत, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस, हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने या पर्वतावर कहर केला. ठिकठिकाणी कडे कोसळले, रस्ता खचला, हजारो वृक्ष आडवे झाले आणि काही काळ संपूर्ण मार्ग बंद राहिला. पुढे तुकड्यातुकड्याने दुरुस्ती होऊन तो उघडू लागला. भाचीने दूरध्वनीवर हे सांगितले, तेव्हा तिचा स्वर घरातले कोणी आजारी असल्यासारखा होता. मी तिला म्हणालो की, बावन्न वर्षे खपून बांधणाऱ्यांचे वारस आहेत ते, पुन्हा बांधतील.

वडिलांची साखळी आता माझ्या कपाटात आहे. तिचे दुवे गंजले असले तरी सोळा आणे शाबूत आहेत. भाचीचा दूरध्वनी आला त्या रात्री मी सहज हिशेब मांडला. मैलाला एकशे साठ साखळ्या, म्हणजे ४६९ मैलांना पंचाहत्तर हजार चाळीस. एवढ्या वेळा कोणीतरी वाकून, खुंटी ठोकून, साखळी ताणून धरली की असा एक रस्ता होतो. त्यांतल्या एखाद्या साखळीखाली मेब्रीचे दुमजली घर असते, एखादीखाली कोणाचा मका असतो, आणि कोठे तरी एखादी साखळी कोणाच्या ठाम नकारामुळे गुंडाळून डोंगरावर न्यावी लागते. वडील असते तर मी त्यांना हा सारा प्रवास जेवताना सांगितला असता, आणि मला वाटते, त्या दिवशी तेही थोडे अधिक बोलले असते.