पायरी आणि उतार

मुलांनो, आमच्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर लांबीचा हा रस्ता बांधताना डोंगर फोडावे लागले, नद्यांवर पूल उभारावे लागले. माणसाने मनावर घेतले म्हणजे तो केवढे अंतर जवळ आणू शकतो, ह्याची ही साक्षच होय. परंतु ह्याहूनही ओलांडावयास कठीण असे एक अंतर मी पाहिले आहे. ते अवघ्या तीन पायऱ्यांचे होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक होतो. पाचवीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. पोलिओमुळे त्याचे दोन्ही पाय दुर्बळ झाले होते. हातांनी चालवावयाच्या तीनचाकी गाडीतून तो शाळेत येई. दाराशी तीन पायऱ्या होत्या. तेथे गाडी थांबे आणि वर्गातील दोन दणकट मुले त्याला उचलून आत आणीत. ते पाहून माझा ऊर अभिमानाने भरून येई. आमची मुले किती दयाळू आहेत, हे मी येणाऱ्याजाणाऱ्यांस कौतुकाने सांगत असे.

एके दिवशी भर उन्हाळ्यात, मधल्या सुट्टीत, तो मला वर्गात एकटाच बसलेला दिसला. “पाणी प्यालास का रे?” मी विचारले.

“नाही, सर. मी शाळेत पाणी पीत नाही.”

कारण विचारताच तो खाली मान घालून म्हणाला, “पाणी प्यालो की मग बाहेर जावे लागते. मला उचलायला कुणाला तरी खेळ सोडून यावे लागते.”

मी निरुत्तर झालो. ज्या दयेचा मला अभिमान वाटत होता, तिचे ओझे नको म्हणून एक मूल दिवसभर तहान मारून बसत होते. मुलांचा काहीच दोष नव्हता. पाहावयाचे ते मी पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात गवंड्याला बोलावून पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला. पण तो झाला आखूड आणि उभा; गाडी वर चढेना. आम्ही त्या मुलाला विचारण्याचे विसरलो होतो! मग त्याच्याच सल्ल्याने काम पुन्हा केले. अशा उताराला एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी असावी, हे प्रमाण जाणकार मानतात. आमच्या दीड फुटाला अठरा फूट लागले. उतार पक्का झाला, त्या दिवशी तो मुलगा आपली गाडी आपणच चालवीत आत आला, आणि मधल्या सुट्टीत कोणालाही न बोलावता पाण्याच्या टाकीकडे गेला.

“एका मुलासाठी एवढा खर्च कशाला?” असे तेव्हा काहींनी विचारले होते. त्यांना उत्तर देण्याचे कामही पडले नाही. नातवाला पोचविण्यास येणाऱ्या, गुडघे धरलेल्या आजीबाई त्याच उतारावरून येऊ लागल्या. पोषण आहाराच्या तांदळाची पोती त्यावरूनच आत येऊ लागली. पण समजा, दुसऱ्या कोणाच्याही तो उपयोगी पडला नसता, तरीही तो बांधणे आमचे कर्तव्यच होते. कारण शाळा जेवढी इतरांची, तेवढीच त्या मुलाचीही होती.

असा विचार जगात अनेकांनी केला आहे. जपानमधील सेइइची मियाके ह्यांनी १९६५ साली दृष्टिहीनांसाठी पायांना जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ साली ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या गेल्या. लांब रेघांचा अर्थ ‘पुढे चला’, गोल ठिपक्यांचा अर्थ ‘सावध व्हा’. आज आपल्याकडील मेट्रोच्या आणि मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर अशाच पिवळ्या फरशा दिसतात. त्यांवर सामान ठेवून वाट अडवू नये, एवढे तरी आपण सहज करू शकतो.

वाट मोकळी झाली की माणूस काय करू शकतो, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखविले आहे. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली. तेथील आनंदवनात, ज्यांना समाजाने दूर लोटले होते त्या कुष्ठरोग्यांनी विहिरी खणल्या आणि ओसाड माळ पिकवला. पुढे अंध व मूकबधिर मुलांसाठी तेथे शाळाही निघाल्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते तेथील पहिलेच सुवर्णपदक होय.

दया वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. पडलेल्याला हात देणारा समाजच जिवंत असतो. परंतु दयेने मनात जागे व्हावे आणि मग हातांना कामाला लावावे. २०१६ सालच्या कायद्याने दिव्यांगांच्या समान हक्कांना मान्यता दिली आहे. पूर्वी आपण ‘पंगू’ म्हणत होतो, मग ‘अपंग’ म्हणू लागलो, आता ‘दिव्यांग’ म्हणतो. शब्द सुधारला हे चांगलेच झाले. पण दारातील पायरी तशीच राहिली, तर नुसत्या शब्दाने कोणी आत येऊ शकत नाही.

म्हणून, मुलांनो, उद्या शाळेत एक काम करा. आपण चाकांच्या खुर्चीत बसलो आहोत असे समजून फाटकापासून वर्गापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत जाऊन पाहा. जेथे चाक अडेल ती जागा वहीत टिपा आणि ती वही गुरुजींना दाखवा. वर्गात असा कोणी मित्र किंवा मैत्रीण असेल, तर आधी त्यालाच विचारा. कारण वाट कोठे अडते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. सातशे किलोमीटरांचा रस्ता बांधणाऱ्या आपल्या समाजाला अठरा फुटांचा उतार बांधणे अवघड नाही.