पडणे : एक अकर्मक क्रियापद

गेली वीस वर्षे मी वर्गात सांगत आलो आहे, की 'पडणे' हे क्रियापद अकर्मक आहे. क्रिया कर्त्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 'पाडणे' म्हटले, की मात्र दुसरा कोणीतरी आलाच! मुले हे वहीत उतरवून घेतात आणि मीही समाधानाने घरी येतो. पण या नियमात घरच्या माणसांची सोय नाही, हे मला यंदाच्या श्रावणात कळले.

पहाटे पाचाला न्हाणीघरातून धाडकन आवाज आला. धावत जाऊन पाहतो, तो आई जमिनीवर आणि टॉवेलची दांडी निखळून तिच्या हातात. आईचे वय 78. रुग्णालयात कळले, की मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले आहे. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारले, "कशा पडल्या? त्या वेळी घरात कोण होतं?"

प्रश्न साधाच होता. इजा कशी झाली, याची नोंद त्यांना ठेवावीच लागते. घातपाताचा संशय आला, तर पोलिसांना कळवावे लागते. पण माझ्या घशाला कोरड पडली. कारण न्हाणीघरात आधाराला बसवायचा जाड दांडा मी दोन महिन्यांपूर्वीच आणला होता आणि तो कपाटात होता. नव्या टाइल्सना भोके पाडायला माझा जीव होत नव्हता!

मी तोंड उघडण्याआधीच आई कण्हत म्हणाली, "गाऊन पायात अडकला हो. कुणाची काही चूक नाही."

मी गप्प बसलो.

मग फोन सुरू झाले. नागपूरहून ताई म्हणाली, "तू काय करत होतास?" बंगळूरहून धाकटा म्हणाला, "रात्रीची बाई ठेवा, असं मी म्हटलं नव्हतं?" शेजारच्या काकूंनी सौ.ला नुसते विचारले, "झोपला होतात का गं सगळे?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. 'पडली' आणि 'पाडली' यांच्यामध्ये 'पडू दिली' असेही एक रूप आहे, वाचकहो!

तळमजल्यावरच्या वकिलांना मी भीतभीतच गाठले. ते हसले. "मास्तर, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सांभाळणाऱ्याच्या घरी माणूस घसरलं, एवढ्यासाठी शिक्षा नाही. जा, डॉक्टरांना खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी दांड्यांची सगळी कथा सांगितली. डॉक्टर रागावले, पण भलत्याच कारणासाठी. "अहो, पाय अडकून पडणं वेगळं आणि तोल जाऊन पडणं वेगळं! आजी, खरं सांगा, चक्कर आली होती ना?"

आईने हळूच मान हलवली. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हे महिनाभर चालले होते. मुलाला घोर नको, म्हणून ती बोलली नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या, एक कमी झाली. उठण्यापूर्वी दोन मिनिटे खाटेवर बसून राहायचे ठरले. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला धरून उभे केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालाप्रमाणे पासष्टी उलटलेल्या शंभरांपैकी 28 ते 35 माणसे वर्षाकाठी पडतात. म्हणजे हे कुठल्याही घरी घडेल. पण आम्ही काय केले? आईने मला वाचवायला एक गोष्ट लपवली, मी स्वतःला वाचवायला दुसरी. त्या दोहोंच्या मधून ती पुन्हा पडली असती. दोष कोणाचा, हे ठरवण्यात सगळे घर गुंतले होते. ती का पडली, हे विचारायला परका डॉक्टर लागला.

आई घरी यायच्या आदल्या दिवशी मी दांडा बसवून घेतला. वॉकर टेकत ती न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाली, "घट्ट आहे. टाइल फुटली का रे?"

"एक फुटली," मी म्हणालो.

"फुटू दे," आई म्हणाली.